उपचार झाल्यावर कळणारी किंमत : अमेरिकेतली वैद्यकीय बिलं

शाल्मली_म :

मंडळी, धागा लांबणार आहे, पण विषय असा आहे की अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बहुतेकांना तो कधी ना कधी भोवला आहे.

नवऱ्याच्या गुडघ्याचा एमआरआय करायचा होता. तातडी अजिबात नव्हती, डॉक्टर म्हणाले सवडीने करा. आमचा प्लॅन हाय डिडक्टिबल (दर वर्षी ठरावीक मोठ्या रकमेपर्यंतचा खर्च आधी आपणच करायचा), त्यात वर्षाची सुरुवात. म्हणजे जवळपास सगळा खर्च आपल्याच खिशातून जाणार हे माहीत होतं, म्हणून आधी किंमत विचारली. रुग्णालयातल्या शेड्युलिंगच्या बाईंनी बिलिंगकडे पाठवलं. बिलिंगने सांगितलं, इन्शुरन्सला विचारा. इन्शुरन्सने सीपीटी कोड (प्रत्येक तपासणीचा ठरलेला क्रमांक) मागितला. तो डॉक्टरांच्या ऑफिसातून मिळवला, तर म्हणे रुग्णालयाचा टॅक्स आयडी हवा. तोही दिला. एवढं सगळं करून हाती आलं ते 'साधारण ६०० ते २,२०० डॉलर, पण ही हमी समजू नये' असं उत्तर. प्रत्यक्षात एकट्या रुग्णालयाचं बिल २,६०० च्या वर गेलं आणि एमआरआय वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं पाकीट वेगळं आलं. गावातल्याच एका स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये हाच एमआरआय रिपोर्टसकट रोख ४७५ डॉलरमध्ये होतो.

रकमेपेक्षा जास्त चीड एका गोष्टीची आली. आकडा आधी कळला असता तर आम्ही 'नको' म्हटलं असतं आणि दुसरीकडे गेलो असतो. तो हक्कच आम्हाला मिळाला नाही.

२०२१ पासून रुग्णालयांनी दर जाहीर करायचे असा नियम आहे. २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्धचा नो सर्प्राइजेस अॅक्ट आहे. दोन्ही असूनही एका ठरवून केलेल्या, रोज शेकडो वेळा होणाऱ्या तपासणीचा आकडा आधी कळत नसेल तर नेमकं अडतंय कुठे? तुमचे अनुभव आणि माहिती, दोन्ही लिहा.

निखळ :

चांगला धागा. नो सर्प्राइजेस अॅक्टबद्दल थोडं लिहितो, कारण त्याच्या नावामुळे लोकांचा समज होतो की आता कुठलंच धक्कादायक बिल येणार नाही.

या कायद्याने बंद केला तो एकच प्रकार : नेटवर्कचा. पूर्वी काय व्हायचं, तुम्ही नीट चौकशी करून इन-नेटवर्क (आपल्या विमा कंपनीशी करार असलेलं) रुग्णालय निवडायचात, सर्जनही इन-नेटवर्क, पण भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरच्या गटाचे निघायचे. इन्शुरन्स आपला वाटा द्यायचा आणि उरलेली सगळी रक्कम तुमच्या नावावर यायची. यालाच बॅलन्स बिलिंग म्हणतात. आमच्याकडे मुलाच्या अपेंडिक्सच्या वेळी हे झालं होतं. भुलीच्या गुंगीत असलेल्या पोराच्या बापाने भूलतज्ज्ञाचं नेटवर्क तपासायचं, अशी अपेक्षा होती.

न्यूयॉर्कने २०१५ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये, टेक्सासने २०२० मध्ये आपापल्या परीने याला आळा घातला. पण राज्यांचे कायदे सेल्फ-फंडेड प्लॅनना (ज्यात कर्मचाऱ्यांच्या उपचारांचे पैसे कंपनी स्वतः भरते) लागू होत नाहीत, आणि मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुतेक तसेच असतात. आयटीतली आपली बरीच मंडळी त्यातच येतात. ती फट १ जानेवारी २०२२ पासून केंद्राच्या कायद्याने बुजवली. आता तातडीच्या उपचारांना रुग्णालय नेटवर्कबाहेरचं असलं तरी तुमच्याकडून इन-नेटवर्क असतं तेवढाच वाटा घेता येतो. इन-नेटवर्क रुग्णालयात नेटवर्कबाहेरचा डॉक्टर आला तरी तेच. एअर अॅम्ब्युलन्सही यात आहे. बाकीच्या रकमेचा वाद इन्शुरन्स आणि डॉक्टरांचा गट लवादापुढे सोडवतात, तुम्ही त्यात नसता. या लवादाकडे वर्षाला सुमारे १७ हजार प्रकरणं येतील असा सरकारचा अंदाज होता. आली लाखोंनी. यापूर्वी हा सगळा भार कुणाच्या डोक्यावर पडत होता ते यावरून समजावं.

पण शाल्मली, तुमचा एमआरआय इन-नेटवर्कच होता ना? मग हा कायदा तुमच्या कामाचा नाही. इन-नेटवर्क किंमत किती असावी आणि ती आधी सांगावी की नाही, याबद्दल तो विमाधारकाला आज कुठलीही हमी देत नाही.

टेक्सासचा_गडी :

आणि साधी अॅम्ब्युलन्स! रस्त्यावरून जाणारी. ती या कायद्यात नाही. वडिलांना चक्कर आली, शेजाऱ्यांनी ९११ लावला, रुग्णालय दहा मिनिटांवर. रुग्णालयाचं बिल नियमाप्रमाणे आलं, अॅम्ब्युलन्सचं मात्र नेटवर्कबाहेरचं म्हणून वेगळं आणि भरमसाट. ९११ ला फोन करणारा माणूस 'इन-नेटवर्क गाडी पाठवा' असं म्हणू शकतो का? ज्या ठिकाणी निवड करणं मुळातच अशक्य आहे, नेमकं तेच सोडून दिलं.

निखळ :

गडी, खरं आहे. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२४ पासून राज्याच्या अखत्यारीतल्या प्लॅनसाठी हे बंद केलं. आणखीही काही राज्यांत नियम आहेत. पण पुन्हा तेच, सेल्फ-फंडेड प्लॅनला राज्याचा नियम लागू होत नाही. अॅम्ब्युलन्स बऱ्याच ठिकाणी शहराच्या किंवा काउंटीच्या असतात. बिल तसं असेल तर त्या कार्यालयाला पत्र लिहा, रक्कम कमी करून घेता येते किंवा हप्ते पाडून मिळतात.

कोडिंगवाली :

मी रुग्णालयांसाठी मेडिकल कोडिंग करते, म्हणजे उपचारांना बिलाचे कोड लावते. पलीकडच्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

प्रत्येक रुग्णालयाची एक मोठी दरसूची असते, तिला चार्जमास्टर म्हणतात. गोळीपासून ऑपरेशन थिएटरच्या मिनिटांपर्यंत हजारो ओळी. या सूचीतला दर पूर्ण भरणारं जवळपास कुणी नसतं. प्रत्येक विमा कंपनीशी, आणि त्या कंपनीच्या वेगवेगळ्या प्लॅनशी, वेगळा ठरलेला दर असतो. रोख भरणाऱ्यासाठी आणखी वेगळा. कधी कधी रोखीचा दर विम्याच्या ठरलेल्या दरापेक्षाही कमी असतो, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. त्यामुळे 'या एमआरआयची किंमत काय' या प्रश्नाला एकाच इमारतीत कितीतरी उत्तरं असतात, आणि सगळी खरी असतात.

शेड्युलिंगच्या बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांच्या स्क्रीनवर तो आकडा येत नाही. पण रुग्णालयाकडे तो नसतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ठरलेले दर आमच्या सिस्टममध्ये भरलेले असतात. नाहीतर विमा कंपनीने क्लेमचे पैसे बरोबर दिले की कमी, हे आम्ही तपासणार कशावरून? पैसे वसूल करायच्या वेळी जो आकडा सेंटसकट माहीत असतो, तो पेशंटने आधी विचारला की 'सांगता येत नाही' होतो. या खात्यात काम करून मला हे पटत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आता फॅसिलिटी फी. तुमचा नेहमीचा डॉक्टर त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसलेला असतो, पण मधल्या काळात त्याची प्रॅक्टिस रुग्णालयाने विकत घेतलेली असते. मग ती भेट 'रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग' म्हणून बिल होते. डॉक्टरचं बिल वेगळं, जागेचं वेगळं. दारावरच्या पाटीवर रुग्णालयाचं नाव दिसलं की अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, फॅसिलिटी फी लागते का. शाल्मली, तुमच्या एमआरआयचं गणितही हेच आहे. मशीन तेच, पण रुग्णालयाच्या छताखाली गेलं की दर बदलतो.

ईआरमध्ये (तातडीच्या विभागात) बिलाच्या पाच पातळ्या असतात, कोड ९९२८१ ते ९९२८५. आकडा वाढतो तशी फी वाढते. साध्या तक्रारीला चौथी-पाचवी पातळी लागलेली दिसली तर आव्हान द्या. कोडचा फेरआढावा घ्या, असं लेखी मागता येतं.

आणि कृपा करून पहिलं आलेलं एकरकमी बिल भरून मोकळे होऊ नका. आयटमाइज्ड (प्रत्येक बाब वेगळी दाखवणारं) बिल मागा, कोडसकट. इन्शुरन्सचा ईओबी (त्यांचा वाटा किती, तुमचा किती, हे सांगणारा हिशोब) येईपर्यंत थांबा. ईओबीवर 'तुमची जबाबदारी' म्हणून जो आकडा असतो आणि रुग्णालय जो मागतं, ते जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर आधी इन्शुरन्सला फोन करा, बिलिंगला नंतर. एकच वस्तू दोनदा लागलेली, न केलेली तपासणी लागलेली, हे सर्रास दिसतं.

सह्याद्रीपुत्र :

वाचनखूण साठवली. कोडिंगवाली, तुमचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावतोय.

मृण्मयी_बेएरिया :

बाळंतपणाचं लिहिते, कारण नव्या आईबाबांना हे कुणी सांगत नाही. जन्मल्या क्षणापासून बाळ हा वेगळा पेशंट असतो. त्याचं वेगळं बिल, बहुतेक प्लॅनमध्ये त्याचं वेगळं डिडक्टिबल. नोकरीच्या प्लॅनमध्ये नाव घालायला ३० दिवस मिळतात. सोशल सिक्युरिटी नंबर आला नाही म्हणून थांबू नका, नंबर नसतानाही नाव घालता येतं. आमच्या एका मैत्रिणीच्या बाळाला एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं आणि त्या गडबडीत मुदत उलटली. पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता.

एनआयसीयूतले नवजात तज्ज्ञ नेटवर्कबाहेरचे निघाले तर आता नवा कायदा वाचवतो. तिथे तुमच्याकडून हक्क सोडल्याची सही घेताच येत नाही. भूल, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी यांचंही तसंच. इतर ठिकाणी मात्र नेटवर्कबाहेरचा डॉक्टर किमान ७२ तास आधी कागद देऊन तुमची संमती घेऊ शकतो, आणि ती दिलीत की संरक्षण गेलं. अॅडमिशनच्या कागदांच्या गठ्ठ्यात 'सर्प्राइज बिलिंग प्रोटेक्शन' असं शीर्षक असलेला कागद सही करायला दिला तर थांबा. नाव संरक्षणाचं असलं तरी सही केल्याने संरक्षण सुटतं.

शाल्मली_म :

मृण्मयी, हा शेवटचा मुद्दा मला माहीतच नव्हता. धन्यवाद.

निखळ म्हणतात ते बरोबर, आमचा एमआरआय इन-नेटवर्कच होता. म्हणून मी मोर्चा दर जाहीर करण्याच्या नियमाकडे वळवला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. रुग्णालयांच्या संघटनेने त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली होती, ती २०२० च्या शेवटी अपिलातही हरली. नियमाप्रमाणे रुग्णालयाने दोन गोष्टी द्यायच्या. एक म्हणजे संगणकाला वाचता येईल अशी फाइल, ज्यात चार्जमास्टरचा दर, रोखीचा दर आणि प्रत्येक विमा कंपनीशी ठरलेला दर असेल. दुसरी म्हणजे ठरवून करता येतील अशा ३०० सेवांची, सामान्य माणसाला कळेल अशी यादी. यादीऐवजी वेबसाइटवर अंदाज सांगणारं साधन ठेवलं तरी चालतं.

मी आमच्या रुग्णालयाची फाइल उतरवली. एक्सेलमध्ये उघडेना. मुलाने प्रोग्राम लिहून उघडून दिली. गुडघ्याच्या एमआरआयचा कोड सापडला, आमच्या इन्शुरन्सचं नावही सापडलं, पण त्याच नावाचे अनेक प्लॅन आणि प्रत्येकासमोर वेगळा आकडा. आमच्या कार्डावर छापलेलं नाव त्यातल्या एकाशीही तंतोतंत जुळत नव्हतं. जुलै २०२४ पासून सगळ्यांना एकच ठरावीक नमुना सक्तीचा झाला, त्यामुळे आता निदान रकाने सारखे आहेत. पण घरात प्रोग्राम लिहिणारं कुणी नसेल त्याने काय करायचं? गुडघा धरून बसलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवणं मला क्रूर वाटतं.

दंडाचंही बघा. सुरुवातीला दिवसाला ३०० डॉलर. कुठल्याही रुग्णालयाला तो खिजगणतीत नसणार. २०२२ पासून मोठ्या रुग्णालयांना दिवसाला ५,५०० पर्यंत वाढवला. पहिले दंड लागले जून २०२२ मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या दोन रुग्णालयांना. म्हणजे नियम लागू होऊन जवळपास दीड वर्ष गेल्यावर.

आणि खरी मेख पुढे, नो सर्प्राइजेस अॅक्टमध्येच आहे. ज्याच्याकडे विमा नाही किंवा जो स्वतः पैसे भरणार आहे, त्याला ठरवलेल्या उपचाराआधी लेखी अंदाज, म्हणजे गुड फेथ एस्टिमेट, द्यावाच लागतो. त्यापेक्षा बिल ४०० डॉलर किंवा जास्त चढलं तर तो १२० दिवसांत वाद दाखल करू शकतो, शुल्क फक्त २५ डॉलर. विमा असलेल्यांसाठीही उपचाराआधीच ईओबी द्यायचं कलम त्याच कायद्यात आहे, पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. त्यामुळे दर महिन्याला पगारातून विम्याचा हप्ता भरणाऱ्या माणसाला, किमतीच्या बाबतीत, विमा नसलेल्यापेक्षा कमी संरक्षण आहे. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

वैद्य_मिडवेस्ट :

मी इथे इंटर्निस्ट (प्रौढांचा फिजिशियन) आहे. दुसरी बाजू मांडतो, राग मानू नये.

मी तपासणीची ऑर्डर टाकतो तेव्हा माझ्या स्क्रीनवर किंमत नसते. पेशंट विचारतात, 'डॉक्टर, याला किती पडेल?' आणि मला खरंच माहीत नसतं. त्याची मला लाज वाटते. पण सगळं आधी सांगता येईल, ही अपेक्षाही पूर्ण खरी नाही. पोटदुखीने आलेल्या माणसाला काय झालंय हे शोधायलाच तर तपासण्या लागतात. पित्ताशयाचं दुर्बिणीने करायचं ऑपरेशन मधेच पोट उघडून करावं लागतं. रुग्णालयाने आकडा बांधून दिला आणि गुंतागुंत झाली तर जादा खर्च कुणी सोसायचा? बांधील आकड्याच्या धाकाने सर्जन अवघड पेशंटच नाकारतील, ही भीती मला आहे.

शाल्मली_म :

डॉक्टर, राग कसला, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. तातडीचं आणि निदान न झालेलं आजारपण मी बाजूला ठेवते, तिथे तुमचं म्हणणं मान्य. पण एमआरआय, मोतीबिंदू, कोलोनोस्कोपी, हर्निया, गुडघ्याचा सांधा? रुग्णालय हे वर्षाला शेकड्यांनी करतं. त्यातल्या किती जणांना गुंतागुंत होते याची सरासरी त्यांच्याकडे असते. ती धरून एक आकडा काढायचा आणि तो सगळ्यांना लावायचा. जोखीम वाटून घेण्याची ताकद रुग्णालयाकडे आहे. एकट्या पेशंटकडे ती नाही, आणि आज ती सगळी त्याच्यावर टाकलेली आहे.

हे होऊ शकतं याचं उदाहरण आहे. सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा हे डॉक्टरांनीच चालवलेलं केंद्र बऱ्याच वर्षांपासून रोखीचे दर वेबसाइटवर देतं. सर्जन, भूल आणि जागा मिळून एकच आकडा. तिथे सगळं होत नाही, अतिदक्षतेचे पेशंट तिथे जात नाहीत, हे मला माहीत आहे. पण ठरवून करायच्या शस्त्रक्रियेची किंमत आधी सांगताच येत नाही, हा दावा तरी त्याने खोटा ठरतो.

माझं मागणं एवढंच आहे. ठरवून केलेल्या उपचाराला सगळं धरून एक आकडा, लेखी, आधी, आणि त्यावर बिल चढवायचं तर कारण रुग्णालयाने सिद्ध करायचं. 'अंदाज' हा शब्द मला आता नकोय.

अनाहत_मेरीलँड :

शाल्मली, सहमत, पण नुसत्या पारदर्शकतेने भागेल असं मला वाटत नाही. दर दिसले तरी जायचं कुठे? आमच्या मावसबहिणीच्या गावात एकच रुग्णालय, पुढचं दीड तासावर. तिथे भिंतीवर दर रंगवून ठेवले तरी ती काय निवडणार? शिवाय सगळ्यांचे दर उघड झाल्यावर स्वस्त असलेलं रुग्णालयही 'आम्हालाच का कमी' म्हणून वाढवून मागू शकतं.

मी राहते त्या मेरीलँडमध्ये १९७० च्या दशकापासून राज्याचा आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो. एका रुग्णालयात एका सेवेला सगळ्या विमा कंपन्यांना जवळपास एकच दर. चार्जमास्टर एक आणि करार शंभर, हा प्रकार इथे नाही. डॉक्टरांची फी यात येत नाही, त्यामुळे वेगळी पाकिटं आम्हालाही येतात. पण रुग्णालयाच्या बिलात विम्याच्या नावावरून इतकी तफावत नसते. किंमत दाखवा म्हणण्याबरोबर किंमत ठरवण्यावरही कुणाचा तरी अंकुश हवा.

शाल्मली_म :

अनाहत, अंकुश हवाच. पण तो आणायला राज्याराज्यांत किती वर्षं जातील? लेखी आकडा उद्यापासून देता येईल, कोडिंगवाली म्हणतात तसा तो सिस्टममध्ये आहेच.

गोदाकाठ :

कोलोनोस्कोपीचं नाव निघालं म्हणून. स्क्रीनिंग म्हणून (काही त्रास नसताना, खबरदारीसाठी) केलेली असेल तर नोकरीच्या बहुतेक प्लॅनमध्ये तुमचा वाटा शून्य. तपासणीत पॉलिप सापडून काढला तरी शून्यच राहिला पाहिजे, केंद्र सरकारचं तसं स्पष्टीकरण आहे. मला मात्र 'निदानात्मक' म्हणून पूर्ण बिल आलं. डॉक्टरांच्या ऑफिसला स्क्रीनिंगचा कोड आणि मॉडिफायर (कोडला जोडायचं चिन्ह) लावून क्लेम पुन्हा पाठवायला सांगितलं. पाठपुरावा बराच करावा लागला, पण बिल रद्द झालं. वय ४५ झालं असेल त्यांनी हे लक्षात ठेवा.

नाना_ठाणेकर :

नमस्कार. मी आणि सौ. नोव्हेंबरमध्ये मुलीकडे नॉर्थ कॅरोलिनाला सहा महिन्यांसाठी जाणार आहोत. मला मधुमेह, हिला रक्तदाब. हा धागा वाचून झोप उडाली. इथल्या एजंटने एक स्वस्त पॉलिसी सुचवली आहे, ५०,००० डॉलरची. ती पुरेल का? वर जे कायदे सांगितले ते आम्हाला लागू होतील का?

मृण्मयी_बेएरिया :

नाना, घाबरू नका, पण एजंटला लगेच होकारही देऊ नका. माझ्या सासूबाई दर दोन वर्षांनी येतात, त्यामुळे यात बरंच वाचन झालंय.

पाहुण्यांच्या पॉलिसी मुख्यतः दोन प्रकारच्या. स्वस्त असते ती फिक्स्ड बेनिफिट. त्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते : ईआरच्या एका भेटीला इतके, रुग्णालयातल्या एका दिवसाला इतके. वर ५०,००० लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष बिल आणि ठरलेली रक्कम यांतला फरक तुमचा. दुसरी कॉम्प्रिहेन्सिव्ह, ती डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा हिस्सा देते. महाग असते, पण तुमच्या वयात तीच बघा. आधीपासूनच्या आजारांना बहुतेक पॉलिसी वगळतात. 'अॅक्यूट ऑनसेट' म्हणजे अचानक उद्भवलेल्या त्रासाला काही पॉलिसी संरक्षण देतात, पण वयाची आणि रकमेची मर्यादा घालून. ते पान एजंटकडून मागून घ्या आणि स्वतः वाचा.

नो सर्प्राइजेस अॅक्टमधलं नेटवर्कबाहेरच्या बिलाचं संरक्षण प्रवासी विम्याला नाही. पण ठरवून काही करायचं झालं तर स्वतः पैसे भरणारे म्हणून लेखी अंदाज मागा. तातडीच्या वेळी मात्र पैशाचा विचार न करता ईआरला जा. १९८६ च्या कायद्याने ईआरला पेशंट तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे आहेत की नाहीत हे बघून परत पाठवता येत नाही. ताप, खोकला, पाय मुरगळणं यासाठी अर्जंट केअर. तिथे बिल कितीतरी कमी येतं.

औषधं पूर्ण मुक्कामाची बरोबर घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

कोडिंगवाली :

नाना, मृण्मयीताईंच्या म्हणण्यात दोन गोष्टींची भर. रुग्णालयात नाव नोंदवताना 'गॅरंटर' म्हणून एक रकाना असतो. मुलगी किंवा जावई काळजीपोटी पटकन सही करतात आणि मग बिलाची जबाबदारी त्यांच्यावर येते. सही करण्याआधी कागद वाचायला त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

दुसरं, ना-नफा रुग्णालयांना केंद्राच्या करकायद्याने आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं. पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि पहिले १२० दिवस रुग्णालय कोर्टकचेरी किंवा क्रेडिट खराब करण्यासारखी पावलं उचलू शकत नाही. परदेशी पाहुण्यांना मदत मिळेल की नाही हे त्या त्या रुग्णालयाच्या धोरणावर आहे. काही ठिकाणी त्या भागातला रहिवास लागतो, काही ठिकाणी फक्त उत्पन्न बघतात. धोरण वेबसाइटवर असतं. बिल बघून हबकलेले लोक या अर्जाची चौकशीच करत नाहीत, आणि आमच्याकडून कुणी आपणहून सांगत नाही. विमा असलेल्यांनाही, डिडक्टिबल जड जात असेल तर, हा अर्ज करता येतो.

टेक्सासचा_गडी :

कोडिंगवाली, वडिलांच्या बिलासाठी हे करून बघतो. धोरण 'फायनान्शियल असिस्टन्स' नावाने शोधायचं का?

कोडिंगवाली :

हो, किंवा 'चॅरिटी केअर'. रुग्णालयाच्या बिलाला चालेल. अॅम्ब्युलन्सची संस्था वेगळी असते, त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागेल. आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत बिल कलेक्शनला (वसुली करणाऱ्यांकडे) पाठवू नका, असं पत्रात स्पष्ट लिहा.

शाल्मली_म :

मी आज रुग्णालयाला पत्र पाठवलं. जाहीर केलेल्या फाइलमध्ये आमच्या विम्यासमोर छापलेला सगळ्यात मोठा आकडाही आमच्या बिलापेक्षा कमी आहे, तो पानासकट जोडला. फरकाचं कारण लेखी द्या, असं म्हटलंय. प्रत इन्शुरन्सला, आणि दर जाहीर करण्याच्या नियमावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या सीएमएसकडे ऑनलाइन तक्रार. तक्रारीचा फॉर्म सोपा आहे, वकील लागत नाही. कुणाला पत्राचा मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पाठवते.

नाना_ठाणेकर :

मृण्मयीताई, कोडिंगवालीताई, आभार. एजंटला फोन केला होता. ती पॉलिसी फिक्स्डच निघाली. दुसरीची कागदपत्रं उद्या मागवतोय, आली की 'अॅक्यूट ऑनसेट'चं पान इथे टाइप करून टाकतो. तुम्ही एकदा नजर घाला.

मृण्मयी_बेएरिया :

टाका नाना. वयाची अट आणि डिडक्टिबल कुठे लिहिलंय तेही टाका, दोन्ही एकत्र वाचावं लागतं.